चँडलरचं जुनं घर की क्वीन क्रीकचं नवं? आधी शेजारची मोकळी जमीन बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टरांना चँडलरला इंटेलच्या ओकोटिलो कॅम्पसवर नोकरी लागली आहे, जूनमध्ये न्यू जर्सीहून सगळे इकडे येताय. तुमचं काम घरून, टीम पुण्यात. दोन मुलं, एक सहावीत, एक पहिलीत. सासूबाई वर्षातले काही महिने सोबत असतात. बजेट सहा लाख डॉलर. तेवढ्यात चँडलरला 1997 सालचं घर बसतं, तर क्वीन क्रीकला नवंकोरं आणि चांगलं ऐसपैस. कुठलं घ्यावं, आणि वाळवंटातलं पाणी संपलं तर पैसे बुडतील का?

मी अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सच्या या आग्नेय पट्ट्यात बरीच वर्षं घरं विकते आहे. दोन्हीकडची विकली आहेत, आणि दोन्हीकडे माझं कमिशन सारखंच, त्यामुळे कुठल्या बाजूला ओढण्याचं मला कारण नाही. इथे घर बघायला गेलात की स्वयंपाकघरातला ग्रॅनाइट बघण्याआधी गाडीतून एक चक्कर मारा आणि अर्ध्या-पाऊण मैलात मोकळी जमीन किती उरली आहे ते बघा. घराचा पुढचा भाव, टॅक्स, पाणी, धूळ, विंचू, शाळा, ऑफिसला जायचा वेळ, सगळं त्या मोकळ्या जमिनीवर ठरतं.

या गावांचा इतिहासच तसा आहे. गिल्बर्ट हे शंभर वर्षांपूर्वी गवताच्या गाठी रेल्वेने बाहेर पाठवणारं गाव. 1980 मध्ये तिथे सहा हजारांच्या आत माणसं होती, 2020 च्या जनगणनेत 2 लाख 68 हजार. चँडलरचंही तेच झालं, जरा आधी झालं. कापूस आणि अल्फाअल्फा या चाऱ्याची शेतं एकेक मैलाच्या चौकोनात होती, रस्ते त्याच चौकोनांवर आखलेले होते, आणि बिल्डर एकेक चौकोन भरत आग्नेयेला सरकत गेले. आज चँडलर जवळजवळ भरलेलं आहे, गिल्बर्ट भरत आलंय, आणि सरकती कड क्वीन क्रीक आणि सॅन टॅन व्हॅलीत आहे. सॅन टॅन व्हॅलीला तर 2025 पर्यंत स्वतःची नगरपालिकाही नव्हती, त्या ऑगस्टमध्ये लोकांनी मतदान करून गाव स्थापन केलं.

कडेवर घर घेणाऱ्याचा खरा प्रतिस्पर्धी असतो समोरच्या शेतात उभा राहणारा बिल्डर. समजा, तुम्ही आज क्वीन क्रीकला नवं घर घेतलंत आणि चार वर्षांनी नोकरी बदलल्यामुळे ते विकायला काढलंत. त्याच वेळी रस्त्यापलीकडे बिल्डरची चौथी फेज सुरू असते. तो गिऱ्हाइकाला बाजारापेक्षा एक-दीड टक्का कमी व्याजाचं कर्ज देतो, क्लोजिंगचा, म्हणजे खरेदी पक्की करतानाचा, खर्च उचलतो, वर फ्रिज आणि पडदे देतो. तुम्ही हे काही देऊ शकत नाही. तुमच्याकडे फक्त भाव उतरवणं उरतं. आणि बिल्डर कागदावरचा भाव सहसा उतरवत नाही, सवलती व्याजातून देतो, त्यामुळे त्याची विक्री चढ्या किमतीला नोंदली जाते आणि आपलं घरही तेवढ्याला जाईल असं मालकाला वाटत राहतं. ही गाठ सोडवताना मी कितीतरी मालकांचे चेहरे पडलेले पाहिले आहेत.

भरलेल्या चँडलरमध्ये हा प्रकार होत नाही. तिथे तुमच्या घराची स्पर्धा तशाच दुसऱ्या जुन्या घराशी असते. 2006 नंतरच्या घसरणीत फिनिक्स परिसरातले भाव 2011 पर्यंत निम्म्याहून खाली आले होते, आणि सगळ्यात जबर मार बसला तो कडेवरच्या गावांना: क्वीन क्रीक, बकाय, मॅरिकोपा. पुन्हा तसंच होईल असं मी म्हणत नाही, तेव्हाची कर्जंच वेगळी होती. पण बाजार बसला की पहिली कड बसते, एवढं धरून चाला.

आता पाणी. बाहेरच्यांना वाटतं तसं ते एका दिवसात आटणारं प्रकरण नाही, आणि इथले काही एजंट सांगतात तसं बिनघोरही नाही. अ‍ॅरिझोनाने 1980 मध्ये भूजल कायदा केला. त्याखाली फिनिक्ससारख्या पट्ट्यात सहा किंवा जास्त प्लॉट पाडून विकायचे असतील तर शंभर वर्षं पुरेल एवढ्या पाण्याची हमी आधी दाखवावी लागते. ती दोन प्रकारे मिळते. एक तर तुमच्या गावाच्या पाणीपुरवठ्यालाच राज्याने तसा दर्जा दिलेला असतो, नाहीतर बिल्डर त्या एका वसाहतीपुरता दाखला काढतो. चँडलर, गिल्बर्ट, मेसा, फिनिक्स ही पहिल्या प्रकारातली. त्यांच्याकडे सॉल्ट आणि व्हर्डी नद्यांचं पाणी आहे, कोलोरॅडो नदीचं कालव्याने 336 मैल वाहून आणलेलं पाणी आहे, जमिनीखाली साठवलेलंही आहे.

1 जून 2023 ला गव्हर्नर केटी हॉब्स यांनी जाहीर केलं की नव्या अभ्यासानुसार पुढच्या शंभर वर्षांत या पट्ट्यातल्या भूजलाच्या मागणीपैकी सुमारे 4 टक्के भागणार नाही. ती तूट 48.6 लाख एकर-फूट. एक एकर-फूट म्हणजे साधारण 12 लाख लिटर, तेव्हा आकडा लहान नाही. नुसत्या भूजलाच्या भरवशावर नवे दाखले देणं तिथे थांबलं. बातमी भारतात पोहोचेपर्यंत ‘फिनिक्समध्ये बांधकाम बंद’ अशी झाली होती आणि मला नाशिकहून माझ्या मामांचा फोन आला होता. प्रत्यक्षात आधी दाखला मिळालेले, पण अजून न बांधलेले सुमारे 80 हजार प्लॉट तेव्हाही शिल्लक होते. म्हणजे कडेवर बिल्डरची स्पर्धा लगेच संपलेली नाही, आणि तुम्ही बघताय त्या घराला दाखला असेल तर त्याचं पाणीही गेलेलं नाही. 2025 मध्ये आणखी एक कायदा झाला: शेतीला लागणारं भूजल सोडून देऊन त्या जमिनीवर घरं बांधायची वाट त्याने मोकळी केली. घरांना शेतीपेक्षा कमी पाणी लागतं, हे ऐकून न्यू जर्सीवाले दचकतात, पण खरं आहे.

तुमच्या खिशाला जाणवेल ते पाण्याच्या बिलातून. कोलोरॅडोच्या वाटपात या कालव्याचा नंबर शेवटून लागतो, 2022 पासून कपात सुरूच आहे, आणि 2007 मधले वाटपाचे नियम 2026 अखेर संपतात. गावं नवं पाणी विकत घेतील, शुद्धीकरणाचे प्रकल्प बांधतील आणि दर वाढवतील. नळ कोरडा पडण्यापेक्षा नळ महाग होणार, असं समजा.

एकच अपवाद आहे आणि त्यापासून चार हात लांब राहा. पाच किंवा कमी तुकडे पाडले की शंभर वर्षांची अट लागू होत नाही. या पळवाटेतून मोठ्या प्लॉटवरची सुंदर घरं उभी राहिली आहेत, भाव मोहात पाडणारा असतो. स्कॉट्सडेलच्या ईशान्येला रिओ व्हर्डी फूटहिल्स आहे, तिथली बरीच घरं टँकरवर होती. टँकर स्कॉट्सडेल शहराच्या पाण्यावर भरायचे, आणि शहराने 1 जानेवारी 2023 पासून ते बंद केलं. आपल्याकडे टँकरचं गाव काय असतं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको, पण दहा लाख डॉलरच्या घरात राहून कागदी ताटलीत जेवायचं हा प्रकार तिथे झाला. क्वीन क्रीकच्या आसपास असं एक एकरचं घर दिसलं तर पहिला प्रश्न विचारा: पाणी कोण देतं?

टॅक्सचं तुम्हाला सुखच वाटेल. न्यू जर्सीत तुम्ही घरावर जे भरता त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात इथे भागतं. शिवाय घर विकलं गेलं म्हणून टॅक्सचं मूल्य विक्रीच्या किमतीवर उडी मारत नाही, ते वर्षाला जास्तीत जास्त 5 टक्के वाढू शकतं. राज्याचा इन्कम टॅक्स सरसकट 2.5 टक्के. पण नव्या घरात दोन खाचा आहेत. पहिल्या वर्षी टॅक्स बहुधा रिकाम्या प्लॉटवर लागलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घर हिशोबात आलं की बँकेचा हप्ता एकदम दोनशे-तीनशे डॉलरने वाढतो आणि लोक मला घाबरून फोन करतात. दुसरी खाच सीएफडी, म्हणजे वसाहतीपुरता वेगळा कर लावणारा जिल्हा. नव्या मोठ्या वसाहतीचे रस्ते, बागा, गटारं यांच्यासाठी रोखे काढलेले असतात आणि ते तिथल्या घरमालकांच्या टॅक्समधून फेडले जातात. मेसातलं ईस्टमार्क हे ओळखीचं उदाहरण. वसाहत छानच आहे, फक्त तिथला टॅक्स शेजारच्या जुन्या वसाहतीशी ताडून बघा. एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, दोन्हीकडे असेल, त्याची वर्गणी वेगळी.

आता चँडलरच्या जुन्या घराचं. त्याची दुखणी ठरलेली आहेत आणि पैशात मोजता येतात, हा त्याचा मोठा गुण. छतावर कौलं दिसतात तशी पन्नास वर्षं टिकतात, पण खरं पाणी अडवतो तो कौलांखालचा कागद, आणि उन्हाने तो वीस-पंचवीस वर्षांत पापडासारखा होतो. 1997 च्या घरात तो बदलला नसेल तर तुम्हाला बदलावा लागेल, खर्च हजारांत आहे, शेकड्यांत नाही. एसी इथे बारा-पंधरा वर्षांच्या वर गेला की भरवसा धरू नका. बाहेरच्या युनिटवरच्या लेबलवर तयार झाल्याचं साल असतं, फोनने फोटो काढून घ्या. दुमजली घराला बहुतेक दोन एसी असतात आणि वरचा आधी मरतो, तोही जुलैत, शनिवारी.

गॅरेजमध्ये काँक्रीटवर ‘जमीन कापू किंवा खोल भोक पाडू नका’ असा ठसा उमटवलेला दिसला, तर समजा की त्या फरशीत ताणलेल्या तारा आहेत. सासूबाईंसाठी खालच्या मजल्यावर नवं बाथरूम काढायचं मनात असेल तर हे आधीच कळलेलं बरं. वाळवी या सगळ्या पट्ट्यात आहे, फाउंडेशनच्या कडेने मातीच्या पेन्सिलीएवढ्या नळ्या चढलेल्या दिसतात. उपचार झाला असेल आणि त्याची वॉरंटी असेल तर घर सोडायचं कारण नाही.

आणि दिशा! वास्तूचं सोडा, इथे सूर्यच वास्तुशास्त्र शिकवतो. मागचं अंगण पश्चिमेला असलेलं घर जुलैत दुपारी चार वाजता बघा. मागच्या दाराच्या काचेला तळहात लावा, आतून. बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो. पश्चिमेला गॅरेज असेल तर ते ऊन अंगावर घेतं, घर वाचतं. दक्षिणोत्तर घर सगळ्यात चांगलं, आणि इथले जुने लोक त्यासाठी दहा-पंधरा हजार जास्त मोजतात. छतावर सोलर असेल तर विकत घेतलेलं की भाड्याचं ते विचारा. भाड्याचं असेल तर त्या कराराचे हप्ते तुमच्या गळ्यात येतात. नवं बसवायचं म्हणाल, तर त्यावरची 30 टक्के केंद्रीय करसवलत 2025 अखेर संपली.

उन्हाळ्याची गोष्ट गोड करून सांगणार नाही. 2023 मध्ये फिनिक्सला सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइट, म्हणजे 43 सेल्सियस, किंवा त्याहून वर होता. त्याच जुलैत 19 तारखेला पहाटेचं किमान तापमान 97, म्हणजे 36 सेल्सियस. नागपूर-अकोल्याच्या माणसाला दुपारची सवय असते, पण रात्र निवत नाही ही गोष्ट नवी. ते ऊन माणसं मारतं: त्या एका वर्षात मॅरिकोपा काउंटीने (फिनिक्स ज्यात येतं तो जिल्हा) उष्म्यामुळे झालेले 645 मृत्यू नोंदवले. म्हणून एसी बंद पडला तर दुसरीकडे रात्र काढायची सोय डोक्यात ठेवा, विशेषतः सासूबाई असताना. क्वीन क्रीकला रात्री दोन-चार अंश कमी असतात, काँक्रीट कमी म्हणून. त्याच कारणाने जानेवारीत तिथे दंव पडतं आणि कढीपत्त्याच्या झाडावर चादर टाकावी लागते. चँडलरला माझ्या ओळखीच्या बायकांचे कढीपत्ते गच्चीला टेकलेत, शेवगाही होतो.

सासूबाई ऑक्टोबर ते एप्रिल येऊ देत. तेव्हा इथल्यासारखी हवा देशात नाही, कॅनडापासून मिनेसोटापर्यंतची म्हातारी मंडळी त्यासाठीच येतात. मे-जूनमध्ये आल्या तर पापड-कुरडया एका दिवसात कडकडीत वाळतात एवढंच काय ते सुख, बाकी फिरणं पहाटे पाचला नाहीतर मॉलमध्ये. चँडलरला देशी किराणा, मंदिरं, मराठी घरं गाडीने पाच-दहा मिनिटांवर आहेत, क्वीन क्रीकहून अर्धा तास धरा. गाडी न चालवणाऱ्या माणसाला हा फरक फार जाणवतो. महागणपतीचं मंदिर मात्र मॅरिकोपा गावात आहे, तिथे कुठूनही लांबच.

विंचू कडेवरच असतात का, असं तुम्ही विचाराल. जमीन नव्याने उकरली की ते घरांकडे सरकतात, आणि चँडलरच्या काही जुन्या भागांतही भरपूर आहेत. त्यामुळे एक काम करा: ऑफर देण्याआधी रात्री नऊला त्या गल्लीत अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घेऊन चाला. इथले बार्क स्कॉर्पिअन जातीचे विंचू त्या उजेडात हिरवट चमकतात, कंपाउंडच्या भिंतीवर बघा. दहा मिनिटांत त्या गल्लीचा अंदाज येतो. पहिलीतलं मूल आहे म्हणून सांगते आहे. उकरलेल्या जमिनीच्या धुळीतून व्हॅली फीव्हर नावाचा बुरशीचा आजारही होतो. खोकला-ताप आठवडेच्या आठवडे हटला नाही तर डॉक्टरला हे नाव आठवण करून द्या.

शाळेचं गणित न्यू जर्सीपेक्षा वेगळं आहे. इथे जागा असेल तर दुसऱ्या हद्दीतल्या सरकारी शाळेतही मूल घालता येतं, फक्त बस मिळत नाही. शिवाय चार्टर, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या, शाळा आहेत, बेसिस चँडलरचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. तिथे अभ्यास फार, सगळ्याच मुलांना झेपत नाही. त्यामुळे केवळ शाळेच्या हद्दीसाठी जास्त पैसे मोजू नका. शाळा जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होतात, तेव्हा जूनमध्ये येऊन तुम्हाला फार दिवस मिळणार नाहीत. ऑक्टोबरात सुट्टी असते, दसरा-दिवाळी कधीकधी तीत सापडते. आणि तुमच्या कामाची सोय: अ‍ॅरिझोना घड्याळ मागे-पुढे करत नाही, भारताशी फरक बारा महिने साडेबारा तासांचा. पुण्याची सकाळी नवाची मीटिंग इथे कायम आदल्या रात्री साडेआठला.

नोकरीचं बोलायलाच हवं. इंटेलने 2021 मध्ये ओकोटिलोला 20 अब्ज डॉलरचे दोन नवे कारखाने जाहीर केले तेव्हा इथले भाव वेड्यासारखे पळाले, आणि 2024-25 मध्ये त्याच कंपनीत मोठी कपात झाली. दुसरा मोठा मालक म्हणजे टीएसएमसी ही तैवानची चिप कंपनी, पण ते फिनिक्सच्या पार उत्तर टोकाला. चँडलरहून गर्दीच्या वेळी तासाहून जास्त, क्वीन क्रीकहून विचारूच नका. म्हणजे चँडलरला राहिलात तर नोकरी बदलूनही घर टिकतं, कडेवर राहिलात तर नोकरीबरोबर घरही बदलायची पाळी येऊ शकते. क्वीन क्रीकहून ओकोटिलोला तसाही पाऊण तास लागतो.

तेव्हा माझं मत चँडलर, छत आणि एसीसाठी तीस-चाळीस हजार बाजूला ठेवून. क्वीन क्रीकच घ्यायचं तर दहा वर्षं राहायच्या तयारीने घ्या, आणि सगळ्या बाजू बांधून झालेल्या वसाहतीत घ्या. ऑफिसच्या दक्षिणेला अगदी जवळ एखादं घर दीड लाखाने स्वस्त दिसलं तर ते सन लेक्स असणार. ती पंचावन्नच्या वरच्यांची वसाहत आहे, मुलांना तिथे राहता येत नाही. दर महिन्याला कोणीतरी मला ती लिंक पाठवतंच.

कागदपत्रांतलं दोनच सांगते. एच-1बीवर असाल तर 25 मे 2025 पासून एफएचए, म्हणजे सरकारी विम्याचं, कर्ज मिळत नाही, कन्व्हेन्शनल, म्हणजे बँकेचं साधं, मिळतं. आणि या राज्यात लग्नानंतरची मिळकत दोघांची धरतात. घर एकट्या मिस्टरांच्या नावावर घ्यायचं ठरलं तर क्लोजिंगला तुमच्यापुढे डिस्क्लेमर डीड येईल. त्यावर सही केली की त्या घरावरचा तुमचा हक्क सुटतो. नुसता बँकेचा फॉर्म म्हणून तो सरकवला जातो, वाचून मग सही करा, शक्यतो दोघांच्या नावावरच घ्या.

जूनमध्ये येताय ते एका अर्थी बरंच आहे. इथला बाजार फेब्रुवारी-एप्रिलमध्ये तापतो आणि ऊन तापलं की थंडावतो, जुलै-ऑगस्टमधला विक्रेता ऐकून घेतो. करारानंतर तपासणीला दहा दिवस मिळतात, ते घड्याळ लगेच सुरू होतं, म्हणून इन्स्पेक्टर आधीच ठरवून ठेवा. आणि बिल्डरचं मॉडेल होम सहज बघायला म्हणून एकटे जाऊ नका. पहिल्या भेटीत एजंटचं नाव नोंदवलं नाही तर बरेच बिल्डर नंतर ते धरत नाहीत, आणि समोरची गोड बोलणारी बाई बिल्डरची असते.